कामिनीचं आळं

“कामे, सफरचंद कसं लागते वं?”

मातीच्या भिंतीपलीकडून आलेला हा आवाज, चाळीस वर्षं होत आली तरी, कामिनीच्या कानातून गेला नव्हता. मोठा नव्हताच तो. तापानं सुकलेला, उन्हात वाळत घातलेल्या संत्र्याच्या सालीसारखा हलका. शाळेत मुलांना पृथ्वीचा आस समजावताना खडू क्षणभर थांबला, की तो येई. घरी कुकरची शिटी विरली, की येई. आणि सीताबर्डीच्या गर्दीत फळांच्या गाडीजवळून जावं लागलं, तर हॉर्न, ऑटोवाल्यांच्या हाका, वरून जाणाऱ्या मेट्रोची घरघर, साऱ्यांना मागं सारून नेमका तिच्याच कानाशी येऊन उभा राही. म्हणून कामिनीच्या घरात सफरचंद येत नसे. तिच्या नवऱ्याला, सुमंतला, वाटे की बायकोला ते बाधतं.

अशा घरात, जानेवारीतल्या एका रविवारी, पोह्यांची बशी पुढ्यात घेऊन तिचे वडील म्हणाले, “कामे, आपल्या अंगनात सफरचंद लावू.”

कामिनीच्या हातातली लिंबाची फोड निसटली.

चंपतराव तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. नरखेड तालुक्यातल्या गावात, संत्र्याच्या बागेत त्यांचा जन्म गेला. बायको जयवंता वारली तेव्हा बाग पुतण्याच्या हाती देऊन ते नागपूरला, बेसा रोडवरच्या लेआउटमध्ये लेकीकडे राहायला आले. येताना दोनच वस्तू आणल्या. एक छाटणीची कात्री आणि एक मायाचा फोटो. माया म्हणजे कामिनीची थोरली बहीण. दहा वर्षांची होऊन गेली. फोटोत तिनं पिवळा फ्रॉक घातला आहे आणि ती सगळे दात दाखवून हसते आहे.

“मामाजी, इथं मे महिन्यात माणूस शिजते,” सुमंत म्हणाला. “सफरचंदाचा तर मुरंबाच होईन झाडावर.”

“तुमीच तर मोबाइलात दाखोलं ना जवाईबापू? गरम मुलखातल्या जाती निंगाल्या म्हनून?” चंपतराव हसले. मग आवाज खाली आला. “मायाच्या नावानं लावू म्हनतो. जाताना सफरचंदच खाऊन गेली माही लेक. दुसरं काही नाही देऊ शकलो मी तिले, पन तेवढं तोंडात पडलं तिच्या. त्याच्यावरच तर जगलो मी, बाई.”

हे वाक्य कामिनीनं किती वेळा ऐकलं असेल, त्याला मोजमाप नाही. आई दळताना रडायची तेव्हा बाबा हेच म्हणायचे. आईच्या चितेशीही ते हेच म्हणाले. आणि दर वेळी कामिनीच्या जिभेच्या शेंड्यावर एक खरं येऊन बसायचं आणि ती ते गिळून टाकायची. कारण ते सफरचंद मायानं खाल्लंच नव्हतं.

मायाला मुदतीचा ताप होता. पंधरा दिवस भाताची पेज आणि संत्र्याचा रस यावर होती. संत्र्याच्या मुलखात संत्र्याचं कोणाला अप्रूप? सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. घरात सफरचंद आलं म्हणजे कोणीतरी आजारी आहे, असं गावात समजत. माया म्हणाली, “बाबा, मले सफरचंद पाह्यजे.” चंपतराव एसटीनं नागपूरला आले, बर्डीवरून एकच सफरचंद घेतलं, गाडीवरचं सगळ्यांत लाल, जांभळ्या पातळ कागदात गुंडाळलेलं, आणि परतीची गाडी पकडली.

तो दिवस बागेचा ताण तोडायचा होता. संत्र्याला हिवाळ्यात महिना-दीड महिना पाणी देत नाहीत. झाड तहानेनं पानं वळवून घेतं, आतल्या आत फूल साठवतं. मग एक दिवस धरून पाणी सोडतात. तो दिवस टळला तर वर्षाचा बहार टळतो. चंपतराव दारात पोचले, तशी बागेतून हाळी आली, लाइन आली, मोटर सुरू करा. त्यांनी सफरचंद सात वर्षांच्या कामीच्या हातात दिलं. “ताईले दे. बारीक फोडी करून दे,” म्हणाले आणि धावले. जयवंता विहिरीवर धुणं धूत होती.

कामिनीनं जांभळा कागद उलगडला. तिनं फक्त वास घ्यायचं ठरवलं होतं. मग फक्त जीभ लावायचं. गोठ्यामागं उभं राहून तिनं ते पुरं खाल्लं, बियांसकट. तेव्हा तिचा वरचा पुढचा दात पडलेला होता. प्रत्येक घास तुटे तेव्हा मधोमध गराची एक उभी रेघ मागं राही, बांधासारखी. ती रेघ ती नंतर बाजूच्या दातांनी कुरतडे. भिंतीपलीकडे बाजेवर माया होती. तिनं तो करकर आवाज ऐकला असावा. ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं.

“कामे, सफरचंद कसं लागते वं?”

आणि कामी म्हणाली, “संत्र्यासारखंच लागते.”

“असं?” माया म्हणाली. “मंग जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माया गेली. बागेत पाटानं पाणी खेळत होतं. चंपतरावांनी कामीला जवळ ओढून विचारलं, “खाल्लं का वं माह्या लेकीनं?” आणि कामीनं मान हलवली. होकाराची.

तर असं हे सफरचंद.

काटोल नाक्याच्या पुढं एक रोपवाटिका आहे. तिथल्या माणसाचं नाव ऋषी. चाळिशीचा, बोलका, हाताला कायम शेणखताचा वास. त्यानं हिरव्या जाळीखाली ओल्या लाकडी भुशात उभी केलेली रोपं दाखवली. पानं नाहीत, मुळं उघडी, नुसत्या काठ्या.

“काका, हे हरिमन. हे अण्णा. हे डोरसेट. तिन्ही गरमीत चालतात. पण अण्णा घ्याल तर एकटी नका घेऊ. एकटी फुलते, पण फळ धरत नाही. जोडीले दुसऱ्या जातीचं पाह्यजे. डोरसेट द्या तिले. दोघी एकाच टायमाले फुलतात.”

“म्हंजे बहिणी-बहिणी,” चंपतराव म्हणाले.

“तसंच समजा.”

“दोन द्या मंग. एक मायाची, एक कामीची.” त्यांनी लेकीकडे पाहिलं. “निवड बाई. दोन्ही तूच निवड.”

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलीला कलम निवडता येत नाही असं होत नाही. कामिनी खाली बसली. तिनं एकेक अण्णा उचलून कलमाचा सांधा पाहिला, नखानं साल किंचित खरवडून आतलं हिरवं पाहिलं, मुळांच्या तंतूंवरून बोट फिरवलं. त्यातलं सगळ्यांत सरळ, सगळ्यांत रसरशीत रोप तिनं मायासाठी बाजूला काढलं. मग ती डोरसेटकडे वळली. आणि त्या सगळ्या चांगल्या रोपांमधून तिनं एक वाकडं, करंगळीएवढं बारीक रोप उचललं. त्याच्या सालीवर मधोमध एक काळी जखम होती.

“ताई, ते नका घेऊ,” ऋषी म्हणाला. “ते मी फेकाले ठेवलं होतं. जगणार नाही ते.”

“हेच पाह्यजे मले.”

“काहून पन?”

कामिनीनं रोप बाबांच्या हातात दिलं. चंपतरावांनी ती जखम अंगठ्यानं चाचपली आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यानं हजारो कलमं निवडली, त्या माणसानं एक शब्द काढला नाही, हे कामिनीला गाडीत बसल्यावर जाणवलं.

घराच्या पुढच्या अंगणात, काळ्या मातीत मुरूम मिसळून, चंपतरावांनी दोन उंच गादीवाफे केले. दोन झाडं, दोन आळी, मधे सहा हातांचं अंतर. माती लोटता लोटता ते जयवंताची ओवी पुटपुटत होते. ती दोन्ही लेकींना मांडीशी घेऊन दळताना म्हणायची:

*माह्या अंगनात, दोन झाडं शेजारी,*
*एकीची सावली वं, दुसरीच्या दारी.*

माया गेल्यानंतर आईनं ही ओवी पुरी म्हटली नव्हती. पहिली ओळ म्हणायची आणि जात्याचा खुंटा धरून थांबायची. त्या दिवशी चंपतरावांनी दोन्ही ओळी म्हटल्या.

ऋषी म्हणाला तसंच झालं. पहिल्याच उन्हाळ्यात कामिनीचं झाड वाळलं. मायाचं मात्र हिरव्या जाळीखाली तगलं, छातीएवढं झालं. पावसाळ्याच्या तोंडाशी सुमंतनं वाळकं खोड उपटलं आणि आळं रिकामं झालं.

“दुसरं आणू,” सुमंत म्हणाला.

“नोको,” चंपतराव म्हणाले. “राहू द्या जागा. कोनाची हाये ते मालूम हाये ना तिले.”

“कोनाले?”

म्हातारा हसला आणि बादली भरायला गेला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी दोन बादल्या पाणी घालत. एक मायाच्या झाडाला, एक रिकाम्या आळ्याला. कामिनीला वाटलं सवय आहे, वयही आहे. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. झाडाच्या आळ्यात पाणी घातलं की ते हळूहळू मुरे, काळ्या मातीत मुरतं तसं. रिकाम्या आळ्यात घातलेलं पाणी थांबत नसे. तहानलेलं पोर तांब्या तोंडाला लावून गटागटा पितं, तसा आवाज होई आणि माती कोरडी.

त्या आळ्यात गवतही उगवलं नाही. चारी बाजूंनी हरळी आली आणि आळ्याच्या काठाशी थांबली.

पुढच्या डिसेंबरात चंपतरावांनी मायाच्या झाडाचं पाणी तोडलं. जानेवारीत एकेक पान हातानं खुडलं. “नागपुरात थंडी कमी. मंग झाडाले झोपवा लागते,” म्हणाले. महिना भरला तेव्हा त्यांनी ताण तोडला. रिकाम्या आळ्याचं पाणी मात्र त्यांनी एक दिवसही तोडलं नव्हतं. फेब्रुवारीत फुलं आली. गुलाबी कळी, उमलली की पांढरी. लेआउटमधल्या बायका मोबाइल घेऊन पाहायला आल्या. शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, “बाई वं, हे तं काश्मीरच आणलं तुमी!”

फुलं आली, यात नवल नव्हतं. फळ धरलं, यात होतं.

ऋषी मुद्दाम पाहायला आला. त्यानं सुपारीएवढी पाच फळं मोजली आणि डोकं खाजवलं. “असं होत नाही काका. जवळपास कोठीतरी दुसरं सफरचंद असलंच पाह्यजे. माशा उडत जातात तेवढ्या अंतरात.”

सुमंतनं सगळा लेआउट पालथा घातला. कुठं आंबा, कुठं कढीपत्ता, कुठं पारिजातक. सफरचंद नाही.

कामिनीनं कोणाला सांगितलं नाही, पण फुलांच्या दिवसांत तिनं पाहिलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास मधमाशा यायच्या. त्या मायाच्या झाडावर बसायच्या. तिथून उठून रिकाम्या आळ्यावर जायच्या आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर हवेत थांबायच्या. इकडे एक, तिकडे एक, जशी फांदीवर फुलं विखुरलेली असतात तशा. काही नव्हतं तिथं. नुसतं ऊन. पण परत येताना त्यांच्या पायांना पिवळी धूळ लागलेली असे.

मे उजाडला. शाळेला सुट्ट्या लागल्या. नागपूरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला भर दुपारचं भय कळायचं नाही. रात्रीच्या भयाला दिवा लावता येतो. दुपारी तर दिवाच लागलेला असतो, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कुत्री गटारात निजतात. कूलर गरगरतात, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकतं, आणि खिडकीबाहेर सगळं पांढरंफटक, हाक मारली तर उत्तर न देणारं.

पहिलं फळ लाल झालं. कामिनीच्या माहेरची रीत अशी, की पहिल्या बहाराचं पहिलं फळ घरच्यांनी तोडायचं नाही. ते झाडावरच ठेवायचं. ज्याचं असेल तो नेतो.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर चंपतरावांनी अंगणातून हाक मारली. “कामे! अवं ये ना! आली होती!”

फळ फांदीवर होतं. त्याचा एक घास कोणीतरी खाल्ला होता, देठ न तोडता.

“पोपट असन बाबा.”

“पोपट? हे पाहाय.” त्यांनी फळ हलकेच वळवलं.

छोट्या दातांची कमान उमटली होती. आणि कमानीच्या मधोमध गराची एक उभी रेघ उभी होती. बांधासारखी.

कामिनीची जीभ आपोआप वरच्या दातांकडे गेली. सगळे जागेवर होते.

संध्याकाळी सुमंतनं चष्मा लावून पाहिलं. “या पोपटाले डेंटिस्टकडं न्या लागते,” म्हणाला आणि एकटाच हसला. चिरलेलं सफरचंद घटकेत काळं पडतं. हे चार दिवस पांढरंच राहिलं. दुसरं फळ लाल झालं, त्यालाही घास. मग तिसऱ्याला, चौथ्याला. दर वेळी दुपारी, दर वेळी तीच रेघ.

चंपतरावांचा चेहरा उजळला होता, आणि देह उतरत चालला होता. ते दुपारी आत थांबेनात. हिरव्या जाळीखाली बाज टाकून बसत, आणि खिडकीतून कामिनीला त्यांचं बोलणं ऐकू येई.

“पोट भरलं का वं?... अजून खाय ना... हो, हो, जाऊ ना बापा. घाई काहून करून राहिली?”

जेवायला बोलावलं तर म्हणत, “तिच्यासंगच खाल्लं.” पाणीसुद्धा तांब्याभर घ्यायचे आणि आळ्यात ओतून यायचे. एका दुपारी शोभाताईंना ते लेआउटच्या टोकाला सापडले. डोक्याला टोपी नाही, पायात चप्पल नाही, हातात कापडी थैली. थैलीत टॉवेल आणि छाटणीची कात्री. शोभाताईंनी ऑटोत घालून आणलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि कामिनीला बाहेर बोलावून सांगितलं, “आणखी एकदा असं उन्हात गेले, तर हृदय साथ देणार नाही.”

सुमंतनं फाटकाला कुलूप लावलं. चंपतरावांनी त्या दिवसापासून अन्नच सोडलं. भांडले नाहीत. फक्त कुलपाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी सुमंत हरला आणि त्यानं कुलूप काढलं.

“जबरदस्तीनं माणूस घरात राहते, जिवात राहत नाही,” तो ऑफिसला जाताना म्हणाला. “तूच बोल त्यांच्याशी. तुहं ऐकतीन.”

कामिनी बाजेशी जाऊन बसली. “बाबा, कोण येते हो?”

“माया.”

“कशी दिसते?”

“लहानच हाये अजून.” त्यांनी बाजेवरून हात उचलून उंची दाखवली. कमरेएवढी. “दुडूदुडू चालते. बोलत नाही लय. हसली का मले तिच्या दाताची खिडकी दिसते. पुढचा दात पडला ना तिचा.”

दुपारच्या त्या होळीत कामिनीच्या अंगावर काटा आला. भिंतीवरचा फोटो तिला आठवायचीही गरज नव्हती. दहा वर्षांच्या मायाचे सगळे दात आले होते, पांढरे, एका ओळीत. माया चंपतरावांच्या छातीला लागत होती. कमरेला लागत होती ती दुसरी.

“ती कोठी उभी राहते बाबा?”

“कोठी म्हंजे?” त्यांनी रिकाम्या आळ्याकडे बोट केलं. “तिच्याच जागेत.”

कामिनीनं तोंड उघडलं. चाळीस वर्षांचा ताण तोडायचा होता. तिला वाटलं, आता. पण बाबांच्या डोळ्यांत जे सुख होतं, ते पाहून शब्द परत आत गेले. एका घासावर जगलेला माणूस. तोही घास काढून घ्यायचा? मग उरणार काय त्यांच्याकडे?

ती उठून आत आली. पाठीमागून करकर आवाज आला, सफरचंद खाताना येतो तसा. तिनं वळून पाहिलं नाही.

दुसरा दिवस सव्वीस मेचा. कामिनी दर वर्षी सुट्टी लागण्याआधी मुलांना सांगत असे: सव्वीस मेच्या सुमारास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सावल्या नाहीशा होतात, अंगणात तांब्या ठेवून पाहा. तिला त्या दिवशी काहीच पाहायचं नव्हतं. ती भाजी चिरत होती. अंगणात बाज करकरली आणि बाबांचा आवाज आला, “चाल, चाल. उठलो ना.”

ती दारात आली.

अंगणात सावली उरली नव्हती. जाळी काल वाऱ्यानं फाटून एका बाजूला लोंबत होती. बादली होती, सावली नव्हती. फाटकाचे खांब होते, सावली नव्हती. मायाचं झाड स्वतःच्याच बुंध्यात मिटून उभं होतं, आणि त्याच्यावर शेवटचं, पाचवं सफरचंद लालबुंद होतं. सगळं जग असं, जसं कोणी अजून जमिनीला शिवलेलंच नाही. फक्त रिकाम्या आळ्यात एक सावली होती. हातभर लांब, पातळ, दोन वेण्यांची.

कामिनीच्या डोळ्यांदेखत ती आळ्यातून उतरली आणि चंपतरावांच्या पायाशी गेली.

त्यांच्या खांद्याला थैली होती. उजवा हात किंचित खाली, बोटं वळलेली, लहान मुलाचा हात धरावा तशी. ते फाटकाकडे चालले होते. पाय तापलेल्या फरशीवर अनवाणी.

“बाबा! कोठी चालले?”

“बागेत.” ते थांबले नाहीत. “लाइन आली म्हनते. मोटर सुरू करा लागते. ताण तोडाचा हाये आज.”

“बाबा, बाग इथं नाही. ऊन पाहा. थांबा!” तिनं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. दंड तापलेला होता, जळणासारखा वाळलेला. त्यांनी तो सोडवून घेतला, एवढी ताकद त्या देहात कुठून आली कोणास ठाऊक.

“सोड मले कामे. तवा मी मोटरकडं गेलो आन् लेक हातची गेली. आता बोलावते तं जाऊ नोको म्हनतं? निदान सफरचंद खाऊन गेली होती म्हनून तोंड दाखोता येते मले तिले. नाही तं कोन्या तोंडानं गेलो असतो?”

फाटकाची कडी त्यांच्या हाती लागली. तप्त कडीनं हात पोळला असणार, पण ते दचकलेसुद्धा नाहीत. खाली फरशीवर त्यांच्या पावलाजवळ ती एवढीशी सावली उभी होती, आणि तिनं मान वर करून कामिनीकडे पाहिलं. सावलीला चेहरा नसतो. तरी कामिनीनं ती नजर ओळखली. ती ओढून नेणाऱ्याची नजर नव्हती. गोठ्यामागं उभं राहून, हातात जांभळा कागद चुरगाळून, कोणी बोलावेल म्हणून वाट पाहणाऱ्या पोरीची होती. चाळीस वर्षं कोणी बोलावलं नव्हतं तिला. कामिनीनंही नाही.

“ती माया नाही बाबा.”

कडी अर्धी उघडलेली. चंपतराव वळले. “मंग कोन हाये?”

कूलरची घरघर थांबली. लाइन गेली असावी. पुऱ्या लेआउटमध्ये एकदम एवढी शांतता झाली, की झाडावरचं शेवटचं फळ देठापासून सुटून आळ्यात पडल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

“मी हाये,” कामिनी म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. तो हलका होता, बोबडा होता, पुढचा दात नसलेल्या तोंडातून यावा तसा. “सात वर्षांची मीच हाये ती. दात माहा पडला होता. मायाचे सगळे होते. तुमी मोटरकडं गेले, अन् ते सफरचंद म्या खाल्लं बाबा. गोठ्यामागं उभी राहून, बियांसकट, पुरं. मायाले एक फोड नाही देली. तुमी इचारलं तवा मी खोटी मान हालोली. तिनं भिंतीआडून ऐकलं होतं मले खाताना. तिनं इचारलं, कामे, सफरचंद कसं लागते वं? मी म्हणली, संत्र्यासारखंच लागते. ती म्हणली, मंग जाऊ दे.”

तिनं बापाचा पोळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. या वेळी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

“नाही लागत, बाबा. संत्र्यासारखं नाही लागत.”